वीज पिकवणं आणि वीज वेचणं

मागच्या अंकात मी ‘पेडॉट’ या निळ्या, वीजवाहक प्लॅस्टिकबद्दल लिहिलं होतं. ऊन आणि उष्णता यांपासून वीज मिळवणाऱ्या लवचिक पट्ट्यांमध्ये ते इलेक्ट्रोड म्हणून कसं वापरतात, एवढाच त्या लेखाचा विषय होता. त्यावर आलेल्या पत्रांतली सात पत्रं इथे घेतली आहेत. बहुतेकांना वीज तयार कशी होते हे जाणून घ्यायचं आहे. मी बावीस वर्षं कोल्हापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पातळ थरांवर काम केलं आणि माझा बहुतेक वेळ गेला तो दुसऱ्याच कामात: तयार झालेली वीज बाहेर काढण्यात. कापूस पिकवणं वेगळं आणि वेचणं वेगळं. वेचणीला माणूस मिळाला नाही तर पीक शेतातच राहतं. इलेक्ट्रोड म्हणजे वेचणारा. उत्तरं देताना मी सारखी तिकडे वळेन, ते समजून घ्या.

प्रश्न : मी वायरमन आहे. आमच्या धंद्यात प्लॅस्टिक म्हणजे इन्सुलेशन. तांब्यातून करंट जातो आणि प्लॅस्टिक तो अडवतं. मग प्लॅस्टिकमधूनच वीज जाते म्हणता, ते कसं? (इचलकरंजी)

तुमच्या वायरवरच्या पीव्हीसीत प्रत्येक इलेक्ट्रॉन आपापल्या बंधात अडकून बसलेला असतो. काही प्लॅस्टिकं मात्र अशी असतात की त्यांच्या लांबच लांब साखळीत कार्बनचे बंध आळीपाळीने येतात, एक एकेरी, एक दुहेरी. त्या दुहेरी बंधांतले इलेक्ट्रॉन थोडे सैल असतात. पण नुसतं सैल असून भागत नाही, सरकायला जागा हवी.

पंगत डोळ्यासमोर आणा. सगळे पाट भरलेत, कोणीच हलू शकत नाही. आता मधला एक माणूस उठून गेला. शेजारचा त्याच्या पाटावर सरकला, त्याच्या शेजारचा त्याच्या जागी आला. असं होत होत रिकामा पाट पंगतीच्या टोकापर्यंत पोचतो. साखळीतून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले की हेच होतं. या काढून घेण्याला डोपिंग म्हणतात आणि त्या रिकाम्या पाटाच्या सरकण्याला आपण विद्युतप्रवाह म्हणतो.

हे उमगलं त्यामागे एक चूक आहे. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअ‍ॅसिटिलीन बनवताना उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. काळी भुकटी मिळायची, त्याऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा मिळाला. पुढे अमेरिकेतून आलेल्या अ‍ॅलन मॅकडायर्मिड यांनी तो पाहिला आणि शिराकावांना फिलाडेल्फियाला बोलावून घेतलं. तिथे अ‍ॅलन हीगर यांच्यासोबत त्यांनी त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली, तेव्हा वाहकता जवळजवळ एक कोटी पट वाढली. १९७७ साली हे प्रसिद्ध झालं आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यातली मला सगळ्यात मोलाची गोष्ट ही, की तो बिघडलेला पापुद्रा कोणी टाकून दिला नाही.

पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. पेडॉट टिकतं. ते १९८०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत बायर कंपनीत तयार झालं. त्याचं पहिलं मोठं काम वीज वाहून नेण्याचं नव्हतंच. फोटोच्या फिल्मवर स्थिर वीज साठून ठिणगी पडू नये म्हणून त्याचा लेप देत. आजही तांब्याशी त्याची बरोबरी होत नाही. तांबं त्याच्यापेक्षा शेकडो पट चांगलं वाहक आहे. तुमच्या घरातल्या वायरिंगला या प्लॅस्टिकपासून धोका नाही.

प्रश्न : माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीनच्या काचेवर जो पारदर्शक वाहक थर असतो तो इंडियमचा असतो असं ऐकून आहे. तो चांगला चालतो, तर मग हे नवं प्लॅस्टिक कशाला? (मालेगाव)

बरोबर ऐकलंत. त्याला आयटीओ म्हणतात, इंडियम टिन ऑक्साइड. साधारण नव्वद टक्के इंडियमचं ऑक्साइड, दहा टक्के कथिलाचं. सपाट काचेवर त्याला तोड नाही. अडचण दोन ठिकाणी आहे. इंडियमची स्वतंत्र खाण नसते, ते मुख्यतः जस्ताच्या खनिजातून उपउत्पादन म्हणून मिळतं. आणि आयटीओ हे सिरॅमिक आहे, कपबशीसारखं ठिसूळ.

हे मी हाताने करून पाहिलेलं आहे. प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर आयटीओचा थर असलेला तुकडा घ्यायचा, दोन टोकांना मल्टिमीटरच्या पिना धरायच्या. वाचन साठ-सत्तर ओहम. आता तो तुकडा पेन्सिलीभोवती एकदाच गुंडाळायचा आणि सोडायचा. डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. तुकडा तसाच स्वच्छ, तसाच पारदर्शक. मीटर मात्र हजारोंत गेलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की दिसतं, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखल तडकतो तशा समांतर भेगा, पेन्सिलीच्या दिशेने ओळीने. थर दोन-तीन टक्के ताणला गेला तरी एवढं पुरतं. पेडॉटचा तुकडा त्याच पेन्सिलीभोवती पाचशे वेळा गुंडाळला तरी मीटरचा आकडा जवळपास तोच.

म्हणजे पेडॉट सरसकट जिंकलं का? नाही, आणि त्याचं कारण समजायला एक गंमत समजून घ्यावी लागेल. पातळ थराचा रोध ‘ओहम प्रति चौकोन’ असा सांगतात, चौकोन म्हणजे चारही बाजू सारख्या असलेला. विद्यार्थी नेहमी विचारतात, चौकोन केवढा? सेंटिमीटरचा की मीटरचा? उत्तर आहे, केवढाही. चौकोनाची लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो, पण रुंदीही दुप्पट झाल्याने तो पुन्हा निम्मा होतो. एकाच थराचा टिकलीएवढा चौकोन आणि सतरंजीएवढा चौकोन यांचा रोध सारखाच. काचेवरच्या चांगल्या आयटीओचा हा आकडा दहा-पंधरा ओहम असतो. पेडॉटचा पन्नास नॅनोमीटरचा थर, चांगली प्रक्रिया करूनही, दोन-अडीचशे ओहमपर्यंत जातो. जाड थर दिला तर रोध उतरतो, पण निळी झाक गडद होते आणि ऊन आत कमी शिरतं. मी कित्येक महिने या दोन टोकांच्या मधे फिरले आहे.

एक साधी गोष्ट करून बघा. गच्चीवरच्या सिलिकॉन पॅनेलकडे निरखून पाहा, त्यावर केसाएवढ्या बारीक चंदेरी रेघा दिसतील. वेचणारे ते. लवचिक पेशींतही पेडॉटच्या थराखाली किंवा वर धातूची अशी बारीक जाळी देतात. प्लॅस्टिकने आसपासची वीज गोळा करून जवळच्या रेघेपर्यंत न्यायची, पुढचा लांबचा प्रवास धातूने करायचा. ही विभागणी मला फार पटते.

प्रश्न : ताई, आमच्याकडे डाळिंबाच्या बागेवर शेडनेट आहे. त्यावरच असा वीज देणारा कागद अंथरला तर पाच एचपीचा पंप चालेल का? जागा फुकट मिळेल. (सांगोला)

आज चालणार नाही. जागेचा विचार तुम्ही अगदी योग्य केलाय, म्हणून स्पष्ट सांगते. पाच एचपीच्या सौर पंपाला साधारण ४८०० वॉटची पॅनेलं लावतात. प्रयोगशाळेत बोटाच्या पेराएवढ्या सेंद्रिय, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या कार्बनी पदार्थांच्या, सौर पेशी आता २० टक्के कार्यक्षमतेच्या आसपास पोचल्या आहेत, पण पेराएवढी पेशी आणि बागेवरचं छत यांत वेचणीचाच प्रश्न आडवा येतो. लांबी वाढली की रोधात वाया जाणारी वीज वाढते. शिवाय ओलावा आणि अतिनील किरणं या पेशींना सिलिकॉनपेक्षा खूप लवकर खातात. सिलिकॉन पॅनेलला कंपन्या २५ वर्षांची हमी देतात, इथे तशी स्थिती नाही. कोणी एजंट ‘फोल्डिंगची सोलर शीट, बागेवर अंथरा’ म्हणत आला तर पैसे देऊ नका. पंपासाठी काचेची पॅनेलंच घ्या.

प्रश्न : मी अकरावीत आहे. तुमच्या लेखात होतं की बोटाच्या उबेने वीज तयार झाली. मग टीव्हीचा रिमोट सेलशिवाय, नुसता हातात धरून चालेल का? (चिपळूण)

तुझा प्रश्न मला फार आवडला, कारण तो कागदावर सोडवता येतो. पेन घे.

वीजवाहक पट्टीचं एक टोक गरम आणि दुसरं थंड असलं की दोन टोकांमध्ये व्होल्टेज येतं. योहान सीबेक यांनी १८२१ साली हे पाहिलं. एक अंश फरकाला किती व्होल्टेज, हा त्या पदार्थाचा सीबेक गुणांक. पेडॉटचा साधारण २० मायक्रोव्होल्ट धर. चिपळूणला पंख्याखाली हवा २७ अंश, तुझ्या बोटाची त्वचा ३२ अंश. फरक पाच अंशांचा. वीस गुणिले पाच, शंभर मायक्रोव्होल्ट. एका सेलचे दीड व्होल्ट हवेत. भागून बघ: पंधरा हजार पट्ट्या, एकीला एक जोडून.

आणि हे सगळे पाच अंश पट्टीला मिळाले तर! थर पन्नास नॅनोमीटरचा असेल तर बोटाकडची बाजू आणि हवेकडची बाजू यांच्यात जवळजवळ काहीच फरक उरत नाही, सगळा फरक बाहेरच्या हवेतच पडतो. म्हणून पट्टी आडवी ठेवतात, एक टोक बोटाखाली, दुसरं लांब. इथे प्लॅस्टिकचा एक गुण कामी येतो. ते उष्णता फार कमी वाहून नेतं, त्यामुळे एक टोक गरम असताना दुसरं लगेच तापत नाही. तांब्याचा चमचा आणि प्लॅस्टिकचा चमचा गरम चहात ठेवून दांडा धरून बघ.

मग सेऊलच्या योन्से विद्यापीठात २०१३ साली बोटाच्या टोकांनी वीज तयार केली ती कशी? त्यांनी पेडॉटमधल्या डोपिंगची पातळी विजेने नेमकी कमीजास्त केली. डोपिंग जास्त असलं तर वाहकता वाढते पण सीबेक गुणांक पडतो, कमी असलं तर उलटं. वाहकता आणि सीबेक गुणांकाचा वर्ग यांचा गुणाकार जिथे सगळ्यात मोठा होतो तो बिंदू त्यांनी शोधला आणि त्या लवचिक पट्ट्यांची ओळ करून ती बोटांनी तापवली. वीज मिळाली, पण ती अगदी थोडी. रिमोटमधला अवरक्त दिवा एका दाबाला कितीतरी मिलिअँपिअर खातो. ते बोटाला परवडणार नाही.

आणखी एक अडचण आहे. पेडॉटमध्ये रिकामे पाट सरकतात, म्हणून त्याला पी-प्रकारचं म्हणतात. चांगली उष्माविद्युत जोडी करायची तर एन-प्रकारचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहणारा जोडीदार हवा, आणि एन-प्रकारची प्लॅस्टिकं हवेत लवकर खराब व्हायची. बरीच वर्षं आम्ही सगळे नाइलाजाने चांदीच्या तारेने पेडॉटला पेडॉट जोडत होतो. २०२२ साली चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी द्रावणातून लेपता येणारं, उत्तम वाहकतेचं एन-प्रकारचं प्लॅस्टिक प्रसिद्ध केलं. तो दिवस मला लक्षात आहे. मी तो शोधनिबंध छापून घेऊन घरी नेला होता.

तू विचारशील, शरीराच्या उबेवर काहीच चालत नाही का? चालतं. सेइको कंपनीने १९९८ साली मनगटाच्या उबेवर चालणारं घड्याळ विकलं होतं, पण त्यात प्लॅस्टिक नव्हतं, बिस्मथ टेल्युराइड होतं. त्याचा सीबेक गुणांक पेडॉटच्या दहापट आहे. मात्र ते ठिसूळ, आणि टेल्युरियम दुर्मीळ. आज अशी सर्किटं आहेत जी अवघ्या २० मिलिव्होल्टपासून व्होल्टेज वर उचलतात. तुझ्या शंभर मायक्रोव्होल्टच्या हिशोबाने दोनशे पट्ट्या. पंधरा हजारांवरून दोनशेवर आलो! पण विजेपेक्षा खबर म्हणून विचार कर. बोट टेकलं की व्होल्टेज उठतं, उचललं की पडतं. तापमान सांगणारी, सेल नसलेली पट्टी, जखमेच्या बँडेजवर चिकटवता येण्याइतकी मऊ. मला वाटतं या प्लॅस्टिकचं खरं घर तिथे आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल आहेत. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक, तरी फेब्रुवारीपेक्षा दुपारची वीज कमी दिसते. पॅनेल बिघडलंय का? आणि ही वाया जाणारी उष्णता पकडता येणार नाही का? (डोंबिवली)

बिघडलेलं नाही. पॅनेलवर लिहिलेले वॉट हे पेशीचं तापमान २५ अंश असतानाचे असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मेमध्ये भर दुपारी पेशी ६५ अंशांना सहज पोचते. म्हणजे चाळीस अंश जास्त, आणि १४ ते १६ टक्के वीज गेली. धूळ असेल तर आणखी. सकाळी लवकर, पॅनेल थंड असताना पाण्याने धुवा. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका. आणि पॅनेल पत्र्याला चिकटून बसवलं असेल तर खालून हवा खेळेल एवढी फट ठेवायला सांगा. यातून जे मिळेल ते कुठल्याही नव्या पदार्थापेक्षा आज स्वस्त आहे.

उष्णता पकडण्याचं म्हणाल, तर पॅनेलच्या पाठीला उष्माविद्युत पट्टी चिकटवण्याची कल्पना जुनी आहे. त्यात एक खोच आहे. पट्टीने उष्णता अडवून धरली तर पॅनेल आणखी तापतं आणि सिलिकॉनची वीज आणखी घटते. एका हाताने मिळवायचं ते दुसऱ्या हाताने जातं. पट्टीच्या मागची बाजू पाण्याने किंवा वाऱ्याने गार ठेवली तरच जमतं.

मला जास्त मोह पडतो तो दुसऱ्या वाटेचा. पीव्हीडीएफ नावाचं एक प्लॅस्टिक आहे. त्याचं तापमान बदललं की त्याच्या दोन पृष्ठांवर वीजभार येतो. त्यावर पेडॉटचा लेप द्यायचा. पेडॉट डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण शोषून झटकन तापतं, ती ऊब खालच्या पीव्हीडीएफला देतं, आणि वर आलेला भार वेचायचं कामही तेच करतं. चूल तीच आणि परातही तीच. फक्त लक्षात घ्या, तापमान बदलतंय तोवरच भार मिळतो. वैशाखातल्या एकसारख्या उन्हात ही पट्टी एकदा वीज देऊन गप्प बसते. श्रावणात ढग येतात-जातात, वारा सुटतो, तेव्हा ती पुन्हा पुन्हा जागी होते. सौर पॅनेलला जे नको असतं तेच तिला हवं असतं, म्हणून दोघं एकत्र बांधण्याचे प्रयोग होतात. तुमच्या गच्चीसाठी अजून काही नाही, पण माझं लक्ष तिकडे आहे.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.चा प्रकल्प म्हणून पेडॉटचे थर करतोय. मार्चमध्ये सीबेक गुणांक १६ मायक्रोव्होल्ट आला. जुलैत तोच नमुना ४१ दाखवतोय. मीटर तपासला, ठीक आहे. गाइड म्हणतात लगेच लिहून काढ. काय करू? (सावंतवाडी)

थांब. अजून लिहू नकोस. तुझ्या जागी मी उभी राहिलेली आहे.

आमच्या प्रयोगशाळेतही असंच झालं होतं. मे महिन्यात १७, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ३८. कोल्हापूरचा ऑगस्ट तुला माहीत असेल, वह्यांची पानं मऊ पडतात, फिल्टर पेपर ओलसर लागतो. माझी खात्री झाली होती की शाईत घालायच्या एथिलीन ग्लायकॉल या द्रावकाचं नवं प्रमाण साधलं. आलेख काढला आणि एका परिसंवादात उभी राहून मांडला. मागच्या बाकावरून एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, ‘हवेतली आर्द्रता किती होती?’ माझ्याकडे आकडा नव्हता. मी आर्द्रता मोजलीच नव्हती. त्या रात्री मी झोपले नाही.

झालं होतं ते असं. पेडॉट एकटं पाण्यात मिसळत नाही. त्याला पीएसएस नावाच्या दुसऱ्या साखळीचा आधार देतात, म्हणून आपल्याला ती निळी शाई मिळते. तुझ्या बाटलीत पेडॉट एक भाग असेल तर पीएसएस अडीच भाग असण्याची शक्यता आहे. हे पीएसएस पेजेसारखं असतं. शितं आत, भोवती पेज. पेज वीज वाहत नाही. म्हणून तू डीएमएसओ किंवा ग्लायकॉलसारखा द्रावक घालतोस, पेज निथळते, शितं एकमेकांना टेकतात, आणि वाहकता (सीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) एकाच्या खालून कित्येक शेकड्यांत जाते. पण उरलेलं पीएसएस आम्लधर्मी आहे आणि पाण्याची त्याला फार ओढ. पावसाळ्यात ते हवेतलं पाणी पितं, त्याचे हायड्रोजन आयन, म्हणजे वीजभारित कण, मोकळे होतात, आणि एक टोक गरम झालं की ते आयन थंड टोकाकडे चालू लागतात. त्यांचं व्होल्टेज तुझ्या रिकाम्या पाटांच्या व्होल्टेजमध्ये मिसळतं. मीटर दोघांची बेरीज दाखवतो.

आता कळीची गोष्ट. आयन चांदीच्या लेपात शिरू शकत नाहीत. ते टोकाशी जाऊन थांबतात. त्यामुळे हे जादा व्होल्टेज खरं असलं तरी त्यातून सलग प्रवाह निघत नाही. पीक दिसतंय, वेचता येत नाही.

तर तीन गोष्टी कर. नमुन्याच्या दोन टोकांना एक रोध जोड, तापमानाचा फरक कायम ठेव आणि तासभर व्होल्टेज लिहीत राहा. आयनांचं असेल तर ते उतरत जाईल. दुसरं, डब्यात ताजं भाजलेलं सिलिका जेल ठेवून नमुना रात्रभर त्यात राहू दे आणि त्याच डब्यात मोज. मला खात्री आहे, १६ च्या जवळ येशील. तिसरं, आजपासून वहीत तापमानाच्या शेजारी आर्द्रतेचा रकाना आख. दोन-तीनशे रुपयांचं आर्द्रतामापक पुरतं.

नंतर लिही, आणि जरूर लिही, पण खऱ्या शीर्षकाने: ओलाव्याचा परिणाम. स्वीडनमधल्या लिंकोपिंग विद्यापीठातल्या लोकांनी २०१६ साली आयनांच्या याच चालीवर उष्णतेने भरणारा सुपरकपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारं साधन, करून दाखवला. आयन बाहेर निघत नाहीत ना, मग त्यांना टोकाशी साठवा, असा सरळ विचार. दिवसा ऊन, रात्री गारवा, हे चक्र अशा साधनाला मानवतं. तुझा ४१ चा आकडा निकामी नाही, तो दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

गाइडना हे पत्र दाखव. ते रागावणार नाहीत. आणि मनाला लावून घेऊ नकोस, स्वतः सीबेकनीही आपल्या प्रयोगाचा अर्थ चुकीचा लावला होता. धातूंच्या सांध्याशी होकायंत्राची सुई हलली, तेव्हा उष्णतेने चुंबकत्व तयार झालं असं ते म्हणत राहिले. विद्युतप्रवाह होता हे दुसऱ्यांनी सांगितलं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवतो. मुलांना पेडॉटचा प्रयोग दाखवायचा आहे. शाई कुठे मिळेल, घरच्या घरी करता येईल का? (परभणी)

सर, पेडॉटची शाई शाळेत आणू नका. ती महाग आहे, आम्लधर्मी आहे, आणि तिची वाहकता वाढवायला काही ठिकाणी तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरतात. ते मुलांपासून लांबच बरं. मुलांना सीबेकचा परिणाम दाखवायला पेडॉट लागतही नाही.

बांधकामावर सळ्या बांधायची लोखंडी बाइंडिंग वायर हातभर घ्या. पॉलिश कागदाने टोकं घासा. प्रत्येक टोकाला तांब्याची तार पिळून घट्ट जोडा. म्हणजे तांबं, मधे लोखंड, पुन्हा तांबं. तांब्याची मोकळी टोकं डिजिटल मल्टिमीटरला, बटण २०० मिलिव्होल्टवर. एक सांधा उकळत्या पाण्याच्या भांड्यात, दुसरा बर्फाच्या पाण्यात. मीटरवर एक मिलिव्होल्टच्या आसपास आकडा येईल.

फक्त सांधे थेट पाण्यात बुडवू नका. लोखंड आणि तांबं एकत्र ओलं झालं की त्यांचं लिंबाच्या सेलसारखं निराळंच व्होल्टेज येऊ शकतं. वरच्या सावंतवाडीच्या मुलाची चूक, निराळ्या रूपात. दोन परीक्षानळ्या घ्या, तळाशी थोडं गोडंतेल घाला, सांधे तेलात ठेवा आणि नळ्या पाण्यात.

मग कोणाला तरी पुढे बोलवा आणि दोन्ही नळ्यांची अदलाबदल करायला सांगा. गरमातली गारात, गारातली गरमात. मीटर हळूहळू शून्याकडे येईल, शून्य ओलांडेल आणि आकड्याच्या आधी उणे चिन्ह दिसेल. त्याला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ वर्गात बोलू नका, मुलांना मीटरकडे बघू द्या.